जागा असेल तर स्टॉकहोम!

रात्रीचे अकरा वाजले होते. स्टॉकहोमजवळच्या आर्लांडा विमानतळावर एक मायलेकींची जोडी बाकावर बसून होती. आई म्हणाली, "अंधार पडू दे, मग आडवं होऊ." लेक हसली. अंधार पडणारच नव्हता. जून महिना होता, आणि परतीच्या विमानात त्यांना त्या दिवशी जागा मिळाली नव्हती.

ही लेक माझी जुनी विद्यार्थिनी. गाव जेऊर, तालुका करमाळा. आता ती एका विमान कंपनीच्या जमिनीवरच्या कर्मचारीवर्गात आहे. अशा कर्मचाऱ्यांना अगदी थोड्या पैशांत तिकीट मिळते, पण एका अटीवर : विमान सुटताना जागा उरली, तरच. त्यांच्या बोलीत याला 'सब्लो' म्हणतात. आईला परदेश दाखवायचा म्हणून तिने चार दिवसांची रजा काढली. परत आल्यावर तिने मला विचारलेल्या प्रश्नातून हा लेख निघाला.

विद्यार्थी मित्रांनो, दौंड-सोलापूर मार्गावरच्या जेऊर स्टेशनात वाढलेल्या माणसाला वेटिंग लिस्ट शिकवावी लागत नाही. पण रेल्वेत कोणी तिकीट रद्द केले की आपला क्रमांक खाली येतो, वर कधी जात नाही. इथे तसे नाही. रांग बहुधा नोकरीच्या ज्येष्ठतेनुसार लागते. तुम्ही दुपारपासून बसून असा. शेवटच्या तासात वीस वर्षे नोकरी झालेला कर्मचारी आला, तर तो तुमच्या पुढे!

जाताना दिल्लीला पहिला तडाखा बसला. विमानात जागा रिकाम्या दिसत होत्या, तरी 'नाही' असे उत्तर आले. कारण वजन ! दुपारी पारा ४२ अंशांवर होता. हवा तापली की विरळ होते. १५ अंश सेल्सिअसला असणाऱ्या घनतेपेक्षा ४२ अंशांना ती जवळजवळ ९ टक्क्यांनी कमी भरते. (केल्व्हिनमध्ये २८८ भागिले ३१५ करून पाहा.) पंखांवर वरच्या दिशेने लागणारे बल हे हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. घनता ९ टक्के घटली, तर तेच वजन उचलायला वेग सुमारे साडेचार टक्के जास्त हवा. इकडे इंजिनालाही विरळ हवा मिळाल्याने त्याचा जोर घटतो आणि धावपट्टी तर तेवढीच असते. मग वजन कमी करणे हाच उपाय उरतो. इंधन काढता येत नाही, पैसे भरलेला प्रवासी व माल उतरवणे कंपनीला परवडत नाही. उरतात सब्लोवाले.

दुसऱ्या दिवशी जागा मिळाली. चारातला एक दिवस मात्र गेला.

स्टॉकहोममध्ये त्यांनी 'वासा' हे जहाज पाहिले. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, जेमतेम सव्वा किलोमीटर जाऊन, ते वाऱ्याच्या झुळकीने कलंडले व बुडाले. १९६१ मध्ये ते वर काढण्यात आले. वरच्या भागात लाकूड व तोफा यांचे वजन फार, तळाला भार अपुरा, त्यामुळे गुरुत्वमध्य फार वर गेला होता. आईने मार्गदर्शकाचे इंग्रजी न समजताच निदान केले, "उसाची गाडी वरून जास्त भरली की वळणावर अशीच पडते."

शुक्रवारी सगळे शहर ओस. आईला वाटले, बंद आहे की काय ! तो 'मिडसोमर'चा सण होता. १९५३ पासून स्वीडनमध्ये त्याची आदली संध्या १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते. लोक बेटांवर, खेड्यांत निघून जातात.

आता त्या न पडणाऱ्या अंधाराकडे वळू. स्टॉकहोमचा अक्षांश सुमारे ५९.३ अंश उत्तर. जूनच्या मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली किती असतो, हे ९० मधून अक्षांश आणि २३.४ अंश वजा करून मिळते. उत्तर : केवळ ७.३ अंश. जेऊरला (अक्षांश सुमारे १८.२) हेच उत्तर ४८.४ येते. आपल्याकडे सूर्य विहिरीत पोहरा सोडावा तसा जवळजवळ सरळ खाली उतरतो. तिकडे तो तिरका घसरत क्षितिजाच्या कडेकडेनेच जातो. रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो, साडेतीनच्या सुमारास पुन्हा हजर. मधल्या वेळात नुसता संधिप्रकाश. त्या दिवशी जेऊरचा दिवस सव्वातेरा तासांचा, तर स्टॉकहोमचा साडेअठरा तासांहून मोठा असतो.

शनिवारी जागा नाही. रविवारी नाही. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचे होते, आणि नोकरी अजून कायम झाली नव्हती. पूर्ण दराच्या दोन तिकिटांना तिचा काही महिन्यांचा पगार लागला असता. सोमवारी एक जागा निघाली. एकच. लेकीने आईला म्हटले, "तू जा." आई म्हणाली, "तुझी नोकरी आहे, तू जा." शेवटी आईनेच निकाल दिला, "एस.टी.त दोघींना जागा नसली तर आपण पुढच्या गाडीनं जातो. चल, बस खाली." ती जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला गेली. मंगळवारी दोघींना मिळाली. दोन दिवसांचा पगार कापला गेला आणि वरिष्ठांचे बोलणे खावे लागले, ते वेगळेच.

तिचा प्रश्न असा : "सर, मी निघण्यापूर्वी गणित केलं होतं. मग चुकलं कुठं?"

तिचे गणित पाहू. समजा, ३०० जागांच्या विमानाची ३१० तिकिटे विकली आहेत. (कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात, कारण काही प्रवासी येतच नाहीत.) प्रत्येक प्रवासी न येण्याची संभाव्यता ५ टक्के धरा. सरासरी साडेपंधरा जण गैरहजर राहतील. मायलेकी रांगेत पाचव्या व सहाव्या. म्हणजे त्यांना किमान १६ जण गैरहजर हवेत. हे जवळपास छापा-काट्याइतकेच शक्य आहे. मग तीनदा हुकण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे आठात एक. एवढा धोका पत्करायला तिची हरकत नव्हती.

गुणाकार बरोबर आहे, पण तो करण्याचा अधिकार तिला नव्हता ! संभाव्यतांचा असा गुणाकार घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. नाण्याला मागची फेक आठवत नाही, विमानतळाला आठवते. शनिवारी राहिलेले कर्मचारी रविवारी पुन्हा रांगेत असतात, आणि त्यांत ज्येष्ठ असतील तर तुम्ही मागेच. सहलीला निघालेले चौघांचे कुटुंब येते तर चौघे, नाही तर एकही नाही. शिवाय सुट्टीच्या हंगामात विमाने भरलेली, आणि तिकीट काढलेला माणूस सहसा चुकत नाही. म्हणजे ५ टक्के हा आकडाच त्या आठवड्यात खोटा. शनिवारी जे कारण होते, तेच रविवारी व सोमवारीही होते. तीन नाणी उडालीच नाहीत. एकच नाणे होते, आणि तेही 'शोले'तल्यासारखे, दोन्ही बाजूंना सारखेच. आमच्या पाठ्यपुस्तकांत नाणी व फासे इतके येतात की मुलांना सारे जगच स्वतंत्र घटनांचे वाटू लागते. हा दोष आम्हा शिकवणाऱ्यांचाही आहे.

ती आता पुन्हा बेत आखते आहे. या वेळी नोव्हेंबरअखेरचा, मंगळवारचा, विमाने रिकामी असतानाचा. तेव्हा स्टॉकहोमचा दिवस सात तासांचाही नसतो, हे मी तिला सांगितले. तिने आईला विचारले. आई म्हणाली, "येताना दोघींना जागा मिळणार असेल, तर अंधार चालंल."