गाडी कुणाच्या नावावर?

आज आपण बोलणार आहोत धंद्यासाठी घेतलेल्या गाडीबद्दल आणि आयकराबद्दल. आयकर म्हटलं की रेडिओचा आवाज कमी करू नका. हिशोब पापडाच्या हिशोबाइतकाच सोपा आहे.

माझी एक मैत्रीण विमा एजंट आहे. गावोगाव फिरून ती धंदा करते. गेल्या उन्हाळ्यात तिने एक लाखाची पेट्रोलची स्कूटर घेतली. हप्ते तिच्या कमाईतून जातात, पण गाडी आणि कर्ज दोन्ही नवऱ्याच्या नावावर. "बाईच्या नावावर कशाला, घरातच तर आहे," असं सगळे म्हणाले. रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा करसल्लागाराने पहिला प्रश्न विचारला, "ताई, आरसी बुकवर नाव कुणाचं?"

हा प्रश्न का? तर गाडी वापरून झिजते, तिची किंमत उतरते. या झिजेला 'घसारा' म्हणतात. स्वतःच्या धंद्यात वापरलेल्या अशा गाडीवर वर्षाला 15 टक्के घसारा खर्च म्हणून दाखवता येतो. एक लाखाच्या गाडीवर पहिल्या वर्षी 15,000 रुपये, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 85,000 वर 12,750, असा तो उतरत जातो. पण घसारा मिळतो तो मालकाला. गाडी दिवाळी पाडव्याला घेतली, तर 31 मार्चपर्यंत 180 दिवसही भरत नाहीत. मग त्या वर्षी घसारा निम्माच, म्हणजे 7,500.

घसाऱ्याशिवाय पेट्रोल, दुरुस्ती, विमा आणि कर्जाचं व्याज हाही खर्चच. हप्त्यातली मुद्दल मात्र खर्चात धरत नाहीत. गाडीवरून मुलांना शाळेत सोडत असाल, बाजार आणत असाल, तर तेवढा वापर घरचा. तो वगळायचा.

आता मैत्रिणीचा हिशोब मांडू. घसारा 15,000, पेट्रोल, दुरुस्ती आणि विमा मिळून 23,000, व्याज 8,000. एकूण 46,000. तीन चतुर्थांश वापर धंद्याचा, म्हणून खर्च धरायचा 34,500. समजा, गाडीचा खर्च सोडून तिचं वर्षाचं उत्पन्न 12,30,000 आहे आणि दुसरं काही उत्पन्न नाही. 2025-26 या वर्षी नव्या करपद्धतीत असं 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न असेल तर कर शून्य. 34,500 वजा केले की तिचं उत्पन्न उरतं 11,95,500. कर काहीच नाही!

पण गाडी आणि कर्ज नवऱ्याच्या नावावर. त्यामुळे घसाऱ्याचे 11,250 आणि व्याजाचे 6,000 तिच्या हिशोबात येत नाहीत. उत्पन्न होतं 12,12,750, आणि उपकरासह 13,260 रुपये कर भरावा लागतो. कमाई तिची, पायपीट तिची, हप्तेही तिचेच. फरक फक्त एका नावाचा.

एक गैरसमजही काढून टाकू. "गाडी घेतली की तेवढा कर माफ," असं काही नसतं. खर्च वजा होतो तो उत्पन्नातून, करातून नव्हे. उत्पन्न मुळात 12 लाखांच्या बरंच खाली असेल, तर गाडीमुळे वेगळा कर वाचत नाही. तरी रिटर्न भरा. कमिशनमधून कापलेला टीडीएस परत मिळतो आणि बँकेत कर्ज मागताना स्वतःच्या कमाईचा कागद हातात असतो.

ज्यांचं दुकान आहे, खाणावळ आहे, अशा काही मैत्रिणी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवतात. रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के, बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या पैशांवर 6 टक्के. या पद्धतीत घसारा आणि इतर खर्च आधीच धरलेले असतात, गाडीचा खर्च वेगळा मागता येत नाही. कमिशनवर काम करणाऱ्यांना ही पद्धत लागू नाही, म्हणून त्यांनी वही नीट ठेवायलाच हवी.

गाडी घ्यायला निघालात तर एवढं लक्षात ठेवा. बिल, आरसी बुक आणि कर्ज स्वतःच्या नावावर करा. पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या, कारण शोरूमला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिली तर ती रक्कम घसाऱ्यासाठी गाडीच्या किमतीत धरत नाहीत. डिकीत एक छोटी डायरी ठेवा. तारीख, गाव, काम, किलोमीटर रोज लिहा. पेट्रोलच्या पावत्यांची शाई उडते, तेव्हा त्यांचे फोटो काढून ठेवा.

आणि कुणी म्हणालं, "बाईच्या नावावर कशाला?", तर सांगा, "धंदा माझा आहे, म्हणून!"