सुनापरान्तास निघालेले पुण्ण आणि आपली लुंबिनी-यात्रा

नाशिकच्या द्वारका परिसरातून लुंबिनीस निघणाऱ्या उपासक-उपासिकांच्या शंका आम्ही नेहमी ऐकतो. परमुलखात आजारी पडलो तर? चुकामूक झाली तर कोणास विचारावे? अशा शंका श्रद्धेच्या उणिवेतून येतात, असे काही जण सुचवितात. ते आम्हांस मान्य नाही.

मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्त पाहावे. स्थविर पुण्ण सुनापरान्तास जाऊ इच्छितात, तेव्हा भगवान बुद्ध लगेच निरोप देत नाहीत. तेथील लोक उग्र आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर तुला काय वाटेल? हाताने मारले तर? ढेकळांनी, दंडाने, शस्त्राने? अखेरीस, ठार मारले तर? शिव्या देणाऱ्यांविषयी पुण्ण म्हणतात, हे लोक भलेच. निदान हात तरी उगारत नाहीत. असे सहा प्रश्न झाल्यावरच अनुमती मिळते. (हा भयंकर मुलूख म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा परिसर, असे अनेक अभ्यासक मानतात! तेथील स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनित केला.)

संकटाची आधी कल्पना करणे हा तयारीचाच भाग होय. पुण्णांना मात्र सीमेवर कागद दाखवावे लागले नाहीत. नेपाळसाठी भारतीयांस व्हिसा लागत नाही. तथापि पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ हवे. १५ ते ६५ या वयोगटातील व्यक्तींनी केवळ आधार कार्डावर विसंबू नये. कित्येक उपासिकांचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे असते. ही तफावत द्वारकेतच शोधावी, सोनौलीच्या नाक्यावर नव्हे. नित्याची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातपिशवीत ठेवावीत.