कालवणारे यंत्र

बुरोंडीच्या माणसाला वल्हे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वल्ह्याचे पाते पाणी मागे लोटते आणि होडी पुढे जाते. पण होडी घट्ट बांधून ठेवली आणि वल्हे मारीत राहिलो, तर काय होईल? नुसते पाणी ढवळले जाईल. कारखान्यात माल कालवणारे एक यंत्र असते, ते असेच चालते.

एक लांब हौद असतो. त्याचा तळ पन्हळीसारखा गोल. आतून लोखंडी दांडा आडवा जातो. दांड्यावर पाती बसवलेली असतात. मोटर दांडा फिरवते. ही पाती तिरकी असतात. आम्ही म्हणू, सगळी खुबी त्या तिरकेपणातच आहे! सरळ पाते माल नुसता उचलील. तिरके पाते उचलते आणि बाजूलाही सारते. काही पाती इकडे लोटतात, काही तिकडे. म्हणून माल एका टोकाला साचत नाही. काही यंत्रांत दोन दांडे उलटसुलट फिरतात. मधला माल वर उसळतो, क्षणभर मोकळा होतो, आणि जड-हलके एकमेकांत मिसळते. सुका माल एक-दोन मिनिटांत एकजीव होतो. मात्र हौद काठोकाठ भरून चालत नाही. उसळायला जागा हवी ना!

काँक्रीट, खते, विटांची माती, मसाले, सगळे असे कालवतात. पण आपल्या जवळचे म्हणजे गुरांचे खाद्य. त्यात पेंड, कोंडा, भरडा, मीठ, क्षार असतात. काही खाद्यांत थोडा युरियाही घालतात, शंभर किलोंत फार तर एक किलो. पोटात त्याचा अमोनिया होतो. थोडा असला तर गाईला पचतो. पण एका घमेल्यात त्याचा गठ्ठा आला, तर जनावर थरथरते, फुगते, काही तासांत मरूही शकते. म्हणून अंगणात फावड्याने युरिया कालवण्याच्या भरीस पडू नका.

क्षारांची पूड घरी कालवायला हरकत नाही. ती आधी दोन ओंजळी कोंड्यात मिसळा, मग तो कोंडा बाकीच्यात घाला. कारखान्यातही थोडी वस्तू आधी थोड्यातच कालवतात.

आपली मुले अशा कारखान्यांत कामाला जातात, त्यांना एवढे सांगा. हौदात चिकटलेला माल काढताना नुसते बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचे आणि किल्ली आत हात घालणाऱ्यानेच खिशात ठेवायची.