उन्हाळ्यातही राहता येईल असे घर

आपल्या समाजातील नोकरदार माणूस निवृत्त झाला, भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आली की पहिले काम घराचे काढतो. जुने कवेलूचे घर पाडून त्या जागी दोन मजली स्लॅबचे घर उभे राहते. म्हातारे आईवडील, दोन-तीन भाऊ, सुना, शिकणारी मुले अशी दहा-बारा माणसे त्यात राहणार असतात. घर दिसायला देखणे होते. परंतु विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की वरच्या मजल्यावर मध्यरात्रीपर्यंत बसवत नाही, आणि नेमकी तीच खोली मुलांना अभ्यासाला दिलेली असते. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांची सोय आधी पाहून. आपण मात्र नकाशात दिवाणखाना आधी आखतो आणि अभ्यासाला उरलेली जागा देतो.

घर का तापते हे विद्यार्थ्यांनी भूगोलाच्या आधारे समजून घ्यावे. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सर्वांत जास्त ऊन छपराला लागते. त्याखालोखाल सकाळी पूर्वेची व दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. दक्षिणेच्या भिंतीचा उन्हाळ्यात फारसा त्रास नाही, खिडकीवर दोन फुटांचा सज्जा पुरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की त्याच खिडकीतून हवेसे ऊन आत येते. दिशा पाहायची ती एवढ्यासाठी. वास्तुशास्त्राच्या नावाखाली दक्षिण अशुभ ठरवून तिकडच्या खिडक्या बुजविणे निदान आपल्याला तरी शोभत नाही.

म्हणून खर्च करायचाच तर आधी छपरावर करावा. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खाली सोडतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवले तर बरेचसे ऊन परत फेकले जाते. तेवढी ऐपत नसेल तर दरवर्षी मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना मारावा. हे काम घरची मुले एका रविवारी करू शकतात.

पश्चिमेला जिना, न्हाणीघर, संडास आणि कोठीची खोली ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन त्या झेलतात. आईवडिलांची खोली खाली, उत्तरेच्या बाजूला असावी. अभ्यासाची खोलीही शक्यतो तळमजल्यावरच घ्यावी. जिन्याच्या माथ्यावर जाळीची खिडकी ठेवली की घरातली गरम हवा वर चढून निघून जाते. कूलर लावणाऱ्यांनी समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

भिंतींसाठी लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली रॅट-ट्रॅप पद्धत चांगली आहे. तीत विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवतात. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता आत कमी येते. मात्र मिस्त्रीने हे काम आधी केलेले असावे.

जुन्या घराचे सागवानी दरवाजे, फाटे आणि धड विटा भंगारात देऊ नयेत. चुल्लवग्गात आनंद आणि राजा उदयन यांचा संवाद आहे. जुन्या चीवरांचे काय करता, असे राजाने विचारले. त्यांचे पलंगपोस होतात, मग पायपुसणी, मग पुसण्याची फडकी, आणि शेवटी चिंध्या मातीत मळून त्यांचा गिलावा होतो, असे आनंदांनी सांगितले. आपल्या पाडलेल्या भिंतीचे तुकडे गच्चीच्या कोब्यात गेले तर ती त्याच वळणाची गोष्ट होईल.

कान्हेरीच्या भिक्खूंनी कातळात पन्हळी व टाकी खोदून पावसाचे पाणी साठविले. आपल्याकडे १००० चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९३,००० लिटर पाणी येते. वाया जाणारे सोडून सत्तर हजार लिटर तरी हाती लागते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे व पुढचे गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात न्यावे. न्हाणीचे पाणी पश्चिमेला लावलेल्या कडुनिंबाला द्यावे.

विजेचे साधे गणित पाहा. ७५ वॅटचे दहा पंखे रोज पंधरा तास चालले तर अकरा युनिटांहून अधिक वीज जाते. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्यांना साडेचार युनिट पुरते. तीन किलोवॅटची सौर यंत्रणा दिवसाला सरासरी बारा युनिट देते आणि तिच्या पट्ट्यांची सावली स्लॅबवर पडते हा वेगळा लाभ. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एवढ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. ही यंत्रणा आज परवडत नसेल तरी स्लॅब टाकतानाच गच्चीपासून मीटरपर्यंत रिकामी नळी घालून ठेवावी. तेव्हा तिला थोडकाच खर्च येतो. मागाहून भिंती फोडाव्या लागतात.