बांध ओलांडला की रस्त्याचा कायदा

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



लागण, खोडवा, खताचे हप्ते, पाचट कुजविणे या विषयांवर मी या पानावर नेहमी लिहितो. या अंकात मात्र उसाविषयी न लिहिता उसाच्या वाहनाविषयी लिहीत आहे. हंगाम सुरू झाला आहे. येते चार-पाच महिने आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावाच्या गल्लीतून रात्रंदिवस ट्रॅक्टर जाणार आहेत. तेव्हा हे वाचून बाजूला न ठेवता घरातल्या ट्रॅक्टर चालविणाऱ्यालाही वाचून दाखवावे, ही विनंती.

२०२२-२३ च्या हंगामातली गोष्ट आहे. गावाचे व माणसांचे नाव लिहीत नाही. एका सभासदाचा सतरा वर्षांचा मुलगा दिवसभर नांगरट करून संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन घरी निघाला होता. ट्रॉली नव्हती, वेगही फार नव्हता. मुलगा कामाचा आणि निर्व्यसनी. देवळाजवळच्या वळणावर शेळी आडवी आली म्हणून त्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागेवर थांबला नाही. गर्रकन उजवीकडे फिरला आणि एका घराच्या ओसरीवर चढला. ओसरीवर ज्वारी निवडत बसलेल्या आजींचा पाय मांडीत मोडला. जीव वाचला, पण आज त्या काठीशिवाय उंबरा ओलांडू शकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मुलाच्या वडिलांना भेटलो. ते एवढेच म्हणाले, "साहेब, पोरगं शेतातून घरी तर येत होतं. हमरस्त्यावर कुठं गेलं होतं?"

या एका वाक्यात आपल्या सर्वांचाच गैरसमज आहे. तो दूर व्हावा म्हणून हा लेख.

गावातली गल्ली हा सुद्धा रस्ताच

मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. या कायद्यात 'सार्वजनिक जागा' या शब्दाला मोठा अर्थ आहे. ज्या रस्त्यावर, गल्लीत, वाटेवर किंवा जागेत लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे, ती सार्वजनिक जागा. ती डांबरी असो वा मातीची, तिच्यावर पोलीस उभा असो वा नसो. म्हणजे वेशीपासून चावडीपर्यंतचा रस्ता, शाळेपुढची मोकळी जागा, बाजारतळ, लोकांच्या वहिवाटीची पाणंद हे सगळे त्यात आले.

आपल्या स्वतःच्या रानात ट्रॅक्टर चालवायला हा कायदा लायसन्स मागत नाही. पण बांध ओलांडून ट्रॅक्टर पाणंदीला लागला की लायसन्स, विमा, दिवे, भार यांचे जे नियम पुणे-बंगळूर महामार्गावर आहेत, तेच आपल्या मारुतीच्या पारापुढेही आहेत.

यंत्र रानासाठी घडविले आहे

कायद्याची भीती थोडा वेळ बाजूला ठेवू आणि यंत्राकडे बघू. ट्रॅक्टर हे मूळचे रानातले यंत्र आहे. रानात जे गुण म्हणून उपयोगी पडते, तेच गल्लीत घातक ठरते.

१) ब्रेकचे दोन पेडल : ट्रॅक्टरच्या मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळे ब्रेक असतात. सरीच्या टोकाला एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर कमी जागेत वळतो. रस्त्यावर येताना मात्र ही दोन्ही पेडल जोडपट्टीने एकत्र अडकवायची असतात. ती मोकळी राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर थांबण्याऐवजी फिरतो. वेग जास्त असेल तर उलटतो. वर सांगितलेल्या अपघातात हेच झाले. जोडपट्टी तुटलेली नव्हती, ती नुसती लावायची राहिली होती. लावायला दोन सेकंद लागतात.

२) डिफरन्शियल लॉक : चिखलात एक चाक जागेवर फिरू लागले की आपण हा लॉक वापरतो. तो लागलेला असेल तर दोन्ही मागची चाके सारखीच फिरतात आणि वळणावर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ पुढे जातो. रस्त्यावर येण्यापूर्वी लॉक सुटल्याची खात्री करावी.

३) लोखंडी चाके : चिखलणीची जाळीदार लोखंडी चाके लावून काही जण तसेच घरी येतात. कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे, सरकारने सवलत दिलेली परिस्थिती सोडता, हवेचे टायर नसलेले वाहन सार्वजनिक जागेत चालविता येत नाही. शिवाय डांबर उखडते, ते आपल्याच गावाचे. ही चाके रानातच काढावीत किंवा ट्रॉलीत घालून आणावीत.

४) उंच सीट आणि मोठा आवाज : वर बसलेल्या माणसाला बोनेटच्या पुढचे चार-पाच फूट नीट दिसत नाही. तेवढ्यात एखादे लहान मूल सहज झाकले जाते. त्यात हल्ली मोठे स्पीकर लावून गाणी वाजविण्याची हौस वाढली आहे. मागून कोणी "थांब, थांब" म्हणून ओरडले तरी चालकाला ऐकू जात नाही. गावात शिरताना टेप बंद करावा. रात्रभर जागणाऱ्या ड्रायव्हरला गाण्याची सोबत लागते हे मला समजते, पण ती गावाबाहेर.

ट्रॉली जोडल्यानंतर

ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा ते वीस टन ऊस. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे दोन-अडीच टनांच्या यंत्राने वीस टन अडवायचे. सपाटीला ते कसेबसे जमते. उतारावर मागचा भार पुढे रेटतो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचविणे म्हणजे जीव गहाण टाकून पाच रुपये वाचविणे आहे.

ताशी २५ किलोमीटर हा वेग आपल्याला कमी वाटतो. पण या वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे सात मीटर, म्हणजे तेवीस फूट जाते. मूल दिसले, मनाला कळले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात तो एक सेकंद संपतो. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. म्हणून गल्लीत माणसाच्या चालीने जावे.

आता रुंदीचा हिशेब. समजा गल्ली बारा फूट आहे आणि ट्रॉली सात फूट. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट राहिले. उसाच्या मोळ्या एकेक फूट बाहेर आल्या की उरले दीड फूट. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईने तेवढ्यात उभे कुठे राहायचे? भार बाजूने, मागे किंवा उंचीने ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये हा नियम एवढ्यासाठी आहे. उंची वाढली तर गल्लीतल्या लोंबत्या वीजतारांचा धोका वेगळाच. अशी तार दिसल्यास काठीने उचलून वाहन काढू नये. महावितरणला कळवून ती वर घेऊन घ्यावी.

वळणावर आणखी एक गोष्ट घडते. ट्रॅक्टरची चाके ज्या रेषेवरून जातात, त्या रेषेवरून ट्रॉली जात नाही. ती आतल्या कोपऱ्याकडे ओढली जाते आणि दुसरी ट्रॉली त्याहून आत येते. ट्रॅक्टर गेला म्हणून कोपऱ्यावर निर्धास्त उभा राहिलेला माणस मागच्या चाकात सापडतो. वळण मोठे घ्यावे आणि कोपरा मोकळा असल्याचे बघावे.

आणि मुले. ऊस ओढायला ट्रॉलीमागे पळणे हा आपल्या सर्वांच्या लहानपणीचा उद्योग आहे, माझ्याही. पण आमच्या वेळी ती बैलगाडी होती. ट्रॉलीचा हिसका बसला की मूल दोन ट्रॉल्यांच्या मध्ये जाते. मुलांना नुसते रागावू नका. शाळेजवळच्या सभासदाने चार कांड्या तोडून शाळेत नेऊन द्याव्यात. त्याने कुणाचे टनेज कमी होणार नाही.

कागदपत्रे आणि दंड

अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ट्रॅक्टरचे लायसन्स मिळत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे वयापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी लागते. तिचा क्रमांक तिच्या बाजूवर आणि ट्रॅक्टरचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीच्या मागे दिसला पाहिजे. जादा भाराला कायद्यात वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. भार खाली उतरविण्याचा खर्चही आपलाच.

दंडापेक्षा विम्याचे दुखणे मोठे. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचाही झाला असे नाही, ट्रॉली पॉलिसीत लिहून घ्यावी लागते. शेतीसाठी विमा असलेला ट्रॅक्टर भाड्याने वाळू-विटा वाहू लागला की पॉलिसीची अट मोडते. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला पाहुणा आणि ट्रॉलीतले वऱ्हाड यांना तर नियमाची परवानगीच नाही. चालकाशिवाय ट्रॅक्टरवर कोणाला बसवू नये. वरच्या प्रकरणात मुलाचे लायसन्स नसल्याने खर्च वडिलांवर आला. उसाचे दोन हप्ते आणि एक दुभती म्हैस दवाखान्यात गेली. घर मोडले नाही, पण दोन घरांचे बोलणे अजून बंद आहे.

आपण मागे काय ठेवून जातो

रानातून निघालेल्या चाकांचा काळा चिखल डांबरावर पडतो, त्यावर दव पडले की मोटारसायकल घसरते. सांडलेले वाढे आणि कांड्यांवरूनही तेच होते. रस्त्याला लागण्यापूर्वी चाके खरवडावीत. पडलेले वाढे गोळा करावेत, जनावरे खातील.

ट्रॉलीचा आस मोडला की चाकाला दगड लावतात. दुरुस्तीनंतर ट्रॉली जाते आणि दगड तिथेच राहतात. पहाटे दुधाचे कॅन घेऊन जाणारा त्यावर आदळतो. दगड लावणाऱ्यानेच उचलावेत. बंद ट्रॉली शक्य तितकी कडेला घ्यावी आणि मागे बऱ्याच अंतरावर दिसेल अशी खूण ठेवावी. प्रत्येक ट्रॉलीच्या मागे दोन्ही टोकांना लाल रिफ्लेक्टर असावेत. ते उसाने झाकले जाऊ नयेत, धुळीने माखले असतील तर फडक्याने पुसावेत. बैलगाडीवाल्यांनीही मागे रिफ्लेक्टर लावावा. बैलाला दिवा नसतो, पण मागून येणाऱ्या मोटारीला असतो.

अपघात झालाच तर

वाहन टाकून पळू नये. जमाव मारील अशी भीती असते, हे खरे आहे. तसे असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. एरवी जखमीला दवाखान्यात पोहोचविणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. पोलिसांना शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत, कळवावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला भीतीचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सद्हेतूने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे.

गावाने काय करावे

ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे गावातील रस्त्यावरचे अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला आहे. वळणावरचे उकिरडे, सरपणाचे ढीग, पुढे आलेले पत्रे काढावेत. ऊस गावाबाहेरून नेता येईल अशी पाणंद असेल तर ती हंगामापूर्वी मुरूम टाकून चालू करावी. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी भरल्या ट्रॉल्या वेशीबाहेर थांबविण्याचे ग्रामसभेत सर्वांनी मिळून ठरवावे.

शेवटी आमच्या बाजूचे एक सांगतो. "गव्हाण रिकामी आहे, खेपा वाढवा" असे आम्ही शेतकी विभागाचे लोकच फोनवर सांगत असतो. मीही सांगितले आहे. ती घाई ड्रायव्हरच्या पायात उतरते. म्हणून माझ्या गटातील चिटबॉयना मी यंदा सांगितले आहे की जोडपट्टी नसलेला ट्रॅक्टर आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली फडातून भरून सोडायची नाही. सभासदांनी यावर रागावू नये. ऊस एक दिवस उशिरा तुटला तर थोडे वजन घटेल, ते पुढच्या वर्षी भरून काढता येईल.

परवा त्या गावातून येताना आजी ओसरीवर दिसल्या. मी गाडी थांबवली. त्या म्हणाल्या, "त्या पोराला सांगा, मी रागावले न्हाई. पण आता हळू येत जा म्हणावं."

सर्व सभासदांना माझेही तेवढेच सांगणे आहे.