चेंडू उचलायचा नसतो

गोल्फमध्ये सर्वांत जास्त फजिती कुठे होते? नवख्याला वाटतं, दोनशे यार्डांच्या लांब फटक्यात. प्रत्यक्षात ती होते ग्रीनच्या काठावर. ग्रीन म्हणजे अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा. त्यात सव्वाचार इंचांचा खळगा आणि खळग्यात रोवलेला झेंडा. चेंडू काठाबाहेर दोन पावलांवर, झेंडा पंधरा पावलांवर. इथून मारायच्या आखूड फटक्याला ‘चिप’ म्हणतात. शेंबडं पोरही मारील असा हा फटका मी सहा वर्षं चुकत होतो.

कधी काठी चेंडूमागच्या जमिनीत रुतायची आणि चेंडू जेमतेम वीतभर सरकायचा. कधी पात्याची धार चेंडूच्या पोटावर बसायची आणि तो ग्रीन ओलांडून थेट पलीकडच्या वाळूत. साठी उलटली की लांबचा फटका दरवर्षी थोडा आखूड होतो. त्याला इलाज नाही. पण चिपला ताकद लागतच नाही. तीही जमेना, तेव्हा खेळ सोडायचं मी मनाशी ठरवत आणलं होतं.

एका सकाळी माझी पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, “साहेब, राग नसेल तर सांगतो. तुम्ही बॉल उचलायला जाता. लहानपणी गोट्या खेळलात ना?” त्यानं चेंडू हातात घेऊन खालून अलगद टाकला. तो ग्रीनच्या आत दोन-तीन फुटांवर टेकला आणि गडगडत झेंड्यापाशी गेला. “झेंड्याकडं नका बघू. पडायच्या जागेकडं बघा.”

कारण साधं आहे. काठीचं पातं मुळातच तिरकं असतं. चेंडूला वर चढवायचं काम त्याचं. आपण मनगटानं उचलू गेलो की सारं बिघडतं. म्हणून पाय जवळ घ्यायचे, भार पुढच्या पायावर, चेंडू मधोमध किंवा किंचित मागे, हात चेंडूच्या थोडे पुढे. मनगटं गप्प ठेवून खांद्यांनी लंबकासारखा झोका द्यायचा. झोका लहान असावा, पण ऐन चेंडूपाशी कचरू नये. पिचिंग वेजनं ढोबळ मानानं एक भाग हवेत, दोन भाग जमिनीवर. सात नंबरच्या आयर्ननं एक भाग हवेत, पाच भाग जमिनीवर. चढउतार आणि गवत पाहून हिशेब बदलतो. पण चेंडूला जमीन मोकळी असेल, तर त्याला हवेत कमीत कमी ठेवावं.

१९८७च्या ऑगस्टा इथल्या मास्टर्स स्पर्धेत लॅरी माइझनं ग्रेग नॉर्मनला हरवलं, ते बरोबरी सोडवण्याच्या जादा खेळात, सुमारे १४० फुटांवरून. त्याचा चेंडूही ग्रीनच्या अलीकडेच टेकला, टप्पे घेत आत शिरला आणि घरंगळत खळग्यात पडला.

आता मी रोज सकाळी घरच्या अंगणात टॉवेल पसरतो आणि पन्नास चेंडू त्याच्यावर टाकतो. सगळे पडत नाहीत. पण खेळ सोडायची भाषा बंद झाली आहे. एक गोष्ट मात्र बोचते. सहा वर्षं तो माणूस माझ्या मागे चालला, माझी प्रत्येक चूक त्यानं पाहिली आणि मी त्याला कधी विचारलं नाही. बँकेतही असंच व्हायचं. खातं कुठे अडलंय ते शिपायाला ठाऊक असायचं आणि आम्ही साहेब मंडळी फायली उपसत बसायचो.

परवा मी काठी त्याच्या हाती दिली. त्यानं चेंडूकडे धड पाहिलंही नाही. टक्‌ असा आवाज झाला आणि चेंडू झेंड्याला टेकून थांबला.

“साहेब, आता तुमची पाळी,” तो म्हणाला.