जुना हार्नेस, काखेत सिलिंडर

उत्तनचा समुद्र गढूळ, म्हणून मीरा-भाईंदरच्या हौशी डायव्हरना मालवण-तारकर्ली गाठावी लागते. तिथे पाठीवरचा एक सिलिंडर पुरतो. साइडमाउंट या डायव्हिंगच्या पद्धतीत मात्र दोन सिलिंडर काखेखाली, अंगाला समांतर असतात. 1960च्या दशकात ब्रिटनमधल्या पाण्याने भरलेल्या अरुंद गुहांत ही पद्धत घडली.

पाठीवरच्या सिलिंडरचा जुना हार्नेस साइडमाउंटसाठी बदलायचा असेल, तर त्याची स्टेनलेस स्टीलची बकलं आणि डी-रिंगा ठेवाव्यात. पट्टा मात्र उन्हाने विटलेला, कडेला दोरे सुटलेला असेल तर सरळ टाकावा. इथे काटकसर नको. खांद्यांच्या मागून रबरी बंजी घ्यायची आणि तिचा फास सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकवायचा. तळाची क्लिप कमरेमागच्या रिंगला. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की त्याचा तळ वर तरंगतो; तेव्हा ती क्लिप पुढच्या रिंगेत घ्यावी लागते.

खरी अडचण पाण्यात तरंगणं सांभाळणाऱ्या हवेच्या पिशवीची. जुन्या पिशवीचा फुगवटा बहुधा पाठीवर वरच्या बाजूला असतो, इथे तो कमरेजवळ हवा. नाहीतर पाय बुडतात आणि तळाचा गाळ ढवळला जातो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र रेग्युलेटर आणि दाबमापक लागतो, आणि श्वास आलटूनपालटून घ्यायचा असतो. पहिली चाचणी पोहण्याच्या तलावात, साइडमाउंट शिकवणाऱ्या प्रशिक्षकासमोरच करावी.